अँटी-रिंकल क्रीम की इंजेक्शन? दुकान आणि पार्लरवाल्यांनी आधी हे समजून घ्या



गेल्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका पार्लरवाल्या मैत्रिणीचा फोन आला. "ताई, दोन दिवसांचा बोटॉक्सचा कोर्स आहे. फी ३५ हजार. सर्टिफिकेट पण देतात. एका सिटिंगमध्ये सात-आठ हजार मिळतात म्हणे. क्रीम विकून विकून किती सुटणार? करू का?"

मी तिला फोनवर एवढंच म्हटलं, पैसे भरू नकोस, आधी व्हिडिओ बघ. पण व्हिडिओत बारा मिनिटांत जेवढं बसलं तेवढंच बसलं. म्हणून बाकीचं इथे लिहिते. पार्लर काढणाऱ्या, कॉस्मेटिकचं दुकान टाकणाऱ्या सगळ्यांना हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे. ग्राहक काउंटरवर उभा राहून विचारतो, "हे क्रीम लावू की सरळ इंजेक्शन घेऊ?" तेव्हा काय सांगायचं, हे आपल्याला माहीत पाहिजे ना?

आधी माझी चूक सांगते

सांगलीत माझं दुकान सुरू होऊन दुसरं वर्ष होतं. एक सेल्समन अँटी-रिंकल क्रीमची स्कीम घेऊन आला. एमआरपी १,२००, मला ७८० ला, पण ४८ नग उचलायचे. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, बोटॉक्ससारखा परिणाम, सुईशिवाय. मी ३७,४४० रुपये घातले. बीबीए झालेली मुलगी, मार्जिन बघितलं आणि हुरळले. आत काय आहे, ते कसं काम करतं, हे विचारलंच नाही.

एक शाळेत शिकवणाऱ्या काकू नेहमी यायच्या. पन्नाशी ओलांडलेली, दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या खोल रेघा. मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "काकू, पंधरा दिवसांत फरक पडेल." त्यांनी महिनाभर इमानदारीने लावलं. मग रिकामा डबा घेऊन आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, तू सांगितलंस म्हणून घेतलं." त्यानंतर त्या दुकानात आल्या नाहीत. त्यांचं महिन्याचं सामान, सुनेचं सामान, सगळं गेलं.

४८ पैकी १५ नग विकले गेले. ३३ पडून राहिले, म्हणजे २५,७४० रुपये एक्सपायरी डेटपर्यंत रॅकवर. आता मला कळतंय की क्रीम वाईट नव्हतं. मी ते चुकीच्या सुरकुतीसाठी, चुकीचं वचन देऊन विकलं होतं.

सुरकुती सुरकुतीत फरक असतो

हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

कपाटातली साडी आठवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की घडीवर रेघ पडते. चेहऱ्याचंही तसंच. आपण कपाळाला आठ्या घालतो, हसताना डोळ्यांच्या कडा आकसतात, रागावताना भुवया जवळ येतात. खालचा स्नायू रोज शेकडो वेळा आकसतो आणि त्याच जागी घडी पडते. आधी ती फक्त हालचालीपुरती दिसते, नंतर चेहरा शांत असतानाही राहते. काकूंच्या रेघा ह्या प्रकारातल्या.

दुसरा प्रकार उन्हाचा. अतिनील किरणांनी त्वचेतलं कोलॅजन तुटत जातं, त्वचा खरखरीत होते, बारीक रेषांचं जाळं दिसायला लागतं. दुचाकीवरून रोज फिरणाऱ्या, शेतात काम करणाऱ्या लोकांच्या चेहऱ्याकडे आणि कपड्याखाली झाकलेल्या त्वचेकडे बघा, वय एकच पण त्वचा दोन वयांची वाटते. तिसरा प्रकार गाल बसण्याचा. वयाबरोबर चेहऱ्यातली चरबी आणि आधार कमी होतो, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत खोल रेघ उतरते. आणि चौथा, सगळ्यात साधा, कोरडेपणाचा. थंडीत गालावर दिसणाऱ्या बारीक रेषा चांगलं मॉइश्चरायझर लावलं की काही तासांत कमी दिसतात. बरीच "तुरंत असर" दाखवणारी क्रीमं ह्याच चौथ्या प्रकारावर टाळ्या घेतात, बरं का.

साडीचंच उदाहरण पुढे नेते. क्रीम म्हणजे कापडाची निगा. बोटॉक्स म्हणजे घडी घालणारा हात काही महिने थांबवणं. आणि फिलर म्हणजे बसलेल्या उशीत पुन्हा कापूस भरणं. तीन वेगळी कामं आहेत. म्हणून "कुठलं चांगलं" हा प्रश्नच जरा चुकीचा आहे.

इंजेक्शन नेमकं काय करतं?

बोटॉक्स हे एका कंपनीच्या ब्रँडचं नाव. आतलं औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जीवाणूपासून मिळणारं विष, अतिशय सूक्ष्म मात्रेत. मज्जातंतूकडून स्नायूला आकसण्याचा निरोप जातो, तो निरोप हे औषध अडवतं. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या लक्षात आलं की पापणीच्या आजारासाठी हे इंजेक्शन दिलं की भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला आणि २००२ मध्ये अमेरिकेत भुवयांमधल्या रेघांसाठी अधिकृत मान्यता मिळाली. म्हणजे हे जन्मापासून डॉक्टरांच्या टेबलावरचं औषध आहे, पार्लरच्या ट्रॉलीवरचं नाही.

परिणाम तीन-चार दिवसांत दिसायला लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. मग स्नायू पुन्हा हलायला लागतो आणि पुन्हा इंजेक्शन. भुवयांमधल्या रेघांसाठी त्या ब्रँडचा ठरलेला डोस २० युनिट, पाच जागी. पावडर २ ते ८ अंश तापमानात ठेवायची, सलाइनमध्ये मिसळल्यावर २४ तासांच्या आत वापरायची. आता सांगा, लोडशेडिंगच्या दिवसात पार्लरच्या फ्रिजमध्ये, मेंदीच्या कोनाशेजारी हे ठेवणार का? सुई थोडी चुकीच्या जागी गेली तर पापणी खाली येते आणि काही आठवडे तशीच राहते. लग्नसराईत एखाद्या बाईची पापणी उतरली की तुमचं नाव गावभर होणार, पण वेगळ्या कारणाने.

फिलर वेगळं. त्यात बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं जेल असतं. ते बसलेल्या जागी भरतात, परिणाम लगेच दिसतो, आणि जेल व जागेनुसार सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत टिकतो. पण त्याचा धोकाही मोठा. जेल रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागाची त्वचा मरू शकते, क्वचित डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी जेल विरघळवणारं हायलुरॉनिडेज नावाचं औषध ताबडतोब द्यावं लागतं. ते हाताशी असणं, ते कधी द्यायचं हे कळणं, हे डॉक्टरचं काम. दोन दिवसांच्या कोर्समध्ये सुई धरायला शिकवतील कदाचित. गडबड झाल्यावर काय करायचं, ते नाही शिकवता येत.

जाता जाता एक गोष्ट. पार्लरमध्ये "हेअर बोटॉक्स" करतात, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. ती केसांची कंडिशनिंग ट्रीटमेंट आहे, त्यात बोट्युलिनम नसतं. नाव फक्त उसनं घेतलंय. ग्राहकाने विचारलं तर हे सरळ सांगा, कारण कितीतरी जणी नाव ऐकूनच घाबरतात.

मग क्रीम काहीच करत नाही का?

करतं. पण त्याच्या मर्यादेत आणि त्याच्या वेगाने.

त्वचा म्हणजे भिंत आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहज आत जात नाही, असा एक ढोबळ नियम औषधशास्त्रात वापरतात. बोट्युलिनमचा रेणू सुमारे दीड लाख डाल्टनचा! म्हणून ते क्रीममध्ये घालून स्नायूपर्यंत पोहोचवता येत नाही, सुईच लागते. माझ्या त्या ४८ डब्यांमध्ये पेप्टाइड होतं. ते त्वचेला मऊपणा देत असेल, पण कपाळाच्या स्नायूला थांबवण्याची ताकद त्यात नव्हती. तसंच हायलुरॉनिक अ‍ॅसिड. इंजेक्शनमध्ये ते जागा भरतं, क्रीममध्ये ते बहुतेक वरच राहून ओलावा धरून ठेवतं. नाव एकच, काम दोन. सेल्समन हा फरक सांगत नाही.

ज्याच्या मागे सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो घटक म्हणजे व्हिटॅमिन ए चं कुटुंब. त्यातलं ट्रेटिनॉइन हे औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतं. ते आपल्या कॉस्मेटिकच्या दुकानात ठेवायचं नाही, ड्रग लायसन्स नसताना विकणं गुन्हा आहे. त्याचा सौम्य भाऊ रेटिनॉल, तो कॉस्मेटिकमध्ये चालतो. उन्हाने झालेल्या बारीक रेषा आणि खरखरीतपणा त्याने कमी होतो, पण किमान बारा आठवडे धीर लागतो. सुरुवात आठवड्यातून दोन रात्री, मटारच्या दाण्याएवढं. थोडी लाली, थोडं सोलणं होऊ शकतं, हे विकतानाच सांगायचं. नाहीतर चौथ्या दिवशी ग्राहक "रिॲक्शन आली" म्हणून परत. आणि गरोदर बाईला किंवा बाळाचा विचार करणाऱ्या बाईला रेटिनॉल द्यायचं नाही. मी आता हे बिल करण्याआधी विचारते. लाजत नाही.

पण दुकानातलं खरं अँटी-रिंकल क्रीम विचाराल तर ते सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या सुमारे ९०० लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत म्हातारपणाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी वाढल्या. आपल्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. सावळ्या त्वचेवर सुरकुत्या गोऱ्या त्वचेपेक्षा उशिरा येतात, आधी येतात ते डाग आणि वांग. माझ्या काउंटरवर सुरकुतीची चौकशी करणाऱ्या एकीमागे वांगाची चौकशी करणाऱ्या चार असतात. दोन्हींचा शत्रू ऊनच. म्हणून स्टॉक भरताना विदेशी जाहिराती बघून अँटी-एजिंगचा रॅक भरू नका, आपल्या ग्राहकाचा चेहरा बघून भरा.

आता धंद्याचं गणित

ग्राहकाच्या बाजूने बघू. दर शहरानुसार, डॉक्टरनुसार बदलतात, म्हणून मी फक्त समजा म्हणून आकडे घेते. एका वेळच्या इंजेक्शनला ८,००० धरले, वर्षातून तीन ते चार वेळा, म्हणजे २४ ते ३२ हजार. क्रीमच्या बाजूला सनस्क्रीन ४५० चं आठ वेळा, रेटिनॉल ६०० चं पाच वेळा, मॉइश्चरायझर ३५० चं सहा वेळा. एकूण ८,७०० वर्षाला.

सनस्क्रीन आठ वेळा का? चेहरा आणि मान नीट झाकायला दोन बोटांच्या पट्ट्या, म्हणजे साधारण एक ते सव्वा ग्रॅम लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर ४० ते ५० दिवसांत संपली पाहिजे. तुमचा ग्राहक तीच ट्यूब सहा महिने पुरवत असेल, तर ती लावत नाहीये, फक्त बाळगतेय. तिला लावायला शिकवा. फायदा तिचाही आणि तुमचाही.

आपल्या बाजूने, २२ टक्के मार्जिन धरलं तर त्या ८,७०० मधून १,९१४ रुपये. अशा तीस बायका पक्क्या झाल्या तर वर्षाला ५७,४२० रुपये, एका रॅकमधून. सुई नाही, फ्रिज नाही, पोलीस नाही.

पोलीस का म्हणते? डॉक्टर म्हणून नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर नॅशनल मेडिकल कमिशन कायदा २०१९ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंतीवरचं कोर्सचं सर्टिफिकेट तिथे ढालीसारखं उपयोगी पडत नाही.

काही जणी म्हणतात, ठीक आहे ताई, आम्ही टोचत नाही, फक्त डॉक्टरकडे पाठवतो आणि कमिशन घेतो. मलाही असा फोन आला होता, १५ टक्के देतो म्हणून. ८,००० वर १,२००. एक फोन केला की १,२००, मोह होतोच. पण डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरला मनाई आहे. जो डॉक्टर पहिल्याच फोनवर हा नियम मोडायला तयार आहे, त्याच्या हातात मी माझ्या ग्राहकाचा चेहरा का देऊ? आणि काही बिघडलं तर ती बाई डॉक्टरकडे नंतर जाईल, आधी माझ्या काउंटरवर येईल. मी आता नाव सांगते ते फुकट, आणि ग्राहकाला तीन गोष्टी विचारायला सांगते. डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? बाटली माझ्यासमोर उघडणार का? आणि किती युनिट देणार? "फक्त २,९९९ मध्ये पूर्ण चेहरा" अशी ऑफर असेल तर तिसऱ्या प्रश्नावरच गाडी अडखळते.

रॅक भरताना

कॉस्मेटिक विकायला वेगळं लायसन्स लागत नाही, पण बनवायला लागतं. म्हणून डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, वापरायची शेवटची तारीख आणि घटकांची यादी बघायची. इम्पोर्टेड माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रजिस्ट्रेशन नंबर. हे नसलेला डबा कितीही मार्जिन देत असला तरी परत. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. मूळ होतं ब्युटिशियनकडून घेतलेल्या क्रीममधला पारा. ते क्रीम गोरं करणारं होतं, सुरकुत्यांचं नव्हतं, पण वाट तीच. बिनलेबलचा डबा, ओळखीच्या हातातून.

दुसरं, रेटिनॉल आणि व्हिटॅमिन सी ला ऊन आणि उष्णता सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये ते सजवून ठेवलं तर विकायच्या आधीच कमजोर होतं. व्हिटॅमिन सी चं सीरम गडद तपकिरी झालं की समजा गेलं. शोकेसमध्ये रिकामे खोके ठेवा, माल आत, अंधारात. आणि सुरुवातीला सहा-सहा नगांच्या वर घेऊ नका, स्कीम कितीही गोड असू दे. ४८ नगांची कथा वर वाचलीच आहे.

तिसरं बोलण्याचं. "सुरकुत्या घालवतं" म्हणू नका, "उन्हाने आलेल्या बारीक रेषा तीन-चार महिन्यांत कमी दिसायला मदत होते" म्हणा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि जाहिरात करणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तुमचं इन्स्टाग्रामवरचं रील ही पण जाहिरातच असते, हे विसरू नका.

कपाळावरच्या किंवा भुवयांमधल्या खोल रेघा घेऊन कोणी आलं, तर मी आता सरळ म्हणते, "काकू, ह्याला माझ्याकडचं क्रीम पुरणार नाही. घालवायच्याच असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नाही घालवल्या तरी काही बिघडत नाही. सनस्क्रीन मात्र लावा." दहातल्या सात जणी सनस्क्रीन घेऊन जातात आणि पुन्हा येतात.

त्या पार्लरवाल्या मैत्रिणीने कोर्सचे पैसे भरले नाहीत. ३५ हजारांपैकी ९ हजारांचा माल घेतला, सनस्क्रीन तीन प्रकारची, एक रेटिनॉल, दोन मॉइश्चरायझर, सगळं सहा नगांच्या आत. परवा पुन्हा फोन, "ताई, बोर्डावर काय लिहू?" आम्ही दोघींनी मिळून ठरवलं ते असं, "सनस्क्रीन किती आणि कसं लावायचं, पाच मिनिटांत मोफत दाखवू. इंजेक्शन इथे केलं जात नाही." पेंटर दुसरी ओळ का लिहायची म्हणून हसत होता. पण ती वाचूनच दोन जणी आत आल्या, असा तिचा काल मेसेज होता.